चाक थांबेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना पॉवर प्रेस आहे. पत्र्याची पट्टी माझ्या जबड्यात सरकवायची, पायाने पायडल दाबायचे, की मी वरून दहा टनांचा घाव घालतो आणि खाली वायसर पडतो. तुमच्या सायकलीत, पंख्यात, शेजारच्या काकूंच्या शिलाई मशीनमध्ये असले वायसर असतात. त्यातले काही नक्की माझे असणार. सध्या मी कोरेगाव भीमाच्या बाहेर एका वस्तीवर, गोठ्याच्या कडेला पडून आहे. माझ्या पोटात एक कोंबडी अंडी घालते आणि माझ्या पाठीला वरपासून खालपर्यंत तडा गेला आहे. तो कसा गेला ते मी सांगणार आहे. गोष्ट गोड नाही, तिच्यात रक्त आहे. भित्रे असाल तर आईजवळ बसून वाचा.

माझा जन्म कोल्हापूरच्या एका भट्टीत झाला. पांढरा होईस्तोवर तापवलेला बिडाचा रस वाळूच्या साच्यात ओतला आणि मी तयार झालो. बिडाची एक खोड असते. ते वाकत नाही. ते मुकाट्याने सोसत राहते, आणि फुटते तेव्हा एकदम फुटते. पुढे मला अशीच खोड असलेली माणसेही भेटली.

माझ्या डोक्याशेजारी एक मोठे आऱ्यांचे चाक होते. मोटर पट्ट्याने ते चाक फिरवी, आणि पायडल दाबले की त्या चाकाचा सगळा जोर माझ्या घावात उतरे. आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. बटण बंद केले तरी चाक थांबत नसे. दोन-अडीच मिनिटे ते आपल्याच जोरावर गरगरत राही, आणि तेवढ्या वेळात कोणी पायडल दाबले तर मी घाव घालीच. बटणाशी माझे काही देणेघेणे नव्हते. मला फक्त चाक कळे.

वीस वर्षे मी कारखान्यात होतो, आधी भोसरीला आणि मग सणसवाडीला. तिथे मी ज्ञानू नावाच्या कामगाराचे बोट तोडले. बटण बंद करून तो अडकलेली पट्टी काढायला गेला, आणि पाय चुकून पायडलवर पडला. त्याला टेम्पोत घालून नेले, माझ्या जबड्यावर दोन बादल्या पाणी ओतले, आणि अर्ध्या तासाने मी पुन्हा चालू झालो. मला तेव्हा वाईट वाटले नाही. तोडणे हेच माझे काम, पत्रा काय आणि बोट काय. त्यानंतर भिंतीवर लाल अक्षरांत लिहिले गेले, ‘चाक थांबल्याशिवाय हात घालू नये.’

कारखान्यात भोंगा होता. साडेपाचला तो बोंबलला की माणसे बटणे बंद करत आणि लाकडाच्या भुशाने हातांचे तेल चोळून काढत. हात धुऊन, पुसून, डबा पिशवीत टाकेपर्यंत माझे चाकही थांबलेले असे. माणूस आणि मशीन बरोबरच निवत. ती भोंग्याची कृपा होती हे तेव्हा कोणालाच कळले नाही, मला तर नाहीच.

माझ्यावर सात वर्षे काम करणारा गडी म्हणजे संपत. अंगाने सडसडीत, हात विजेसारखा आणि डोके त्याहून तापट. शहाण्णव साली कारखान्याने बारीकसारीक काम बाहेर द्यायचे ठरवले. सर्जेराव नावाचे सुपरवायझर एक दिवस त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “संपत, हे मशीन घरीच घेऊन जा. पत्रा आम्ही पोचवतो, तयार माल न्यायलाबी गाडी येईल. ना गेट, ना पंचिंग, ना शिफ्ट. तू तुझ्या मनाचा राजा.”

राजा झाला हो! टेम्पोत माझ्याशेजारी छाती काढून बसला होता. घरी त्याच्या बायकोने, रुपालीने, मला ओवाळले आणि माझ्या कपाळावर हळदीकुंकू लावले. सोप्यात चार बोल्टांवर मला घट्ट बसवले. माझ्यापासून चार हातांवर त्यांची कॉट होती आणि भिंतीपलीकडे चूल. मी पहिला घाव घातला तशी मांडणीवरची भांडी खाली आली. सगळे हसले. आठ दिवसांनी कोणी हसत नव्हते, भांडी जमिनीवर मांडायला लागले होते.

संपतचे वडील रखमाजी. त्यांचे आयुष्य मेंढरांमागे गेले होते. पुढे राने राहिली नाहीत, मेंढरे विकली आणि म्हातारा थोड्याशा शेतीवर स्थिर झाला. मेंढरांतले एकच त्यांनी जपून ठेवले होते, ते म्हणजे वाघर. वाघर म्हणजे रात्री मेंढरे कोंडायची सुतळीची लांबलचक जाळी. पहिल्याच दिवशी सूर्य बुडायला आला तसे ते वाघर खांद्यावर टाकून सोप्यात आले.

“संपा, कर बंद,” ते म्हणाले.

“आबा, आत्ताशी तर सहा वाजत्यात.”

“आपल्या घरचा नेम हाय. दिवस बुडाला आन् वाघर लागली, की आतलं जनावर इकायचं न्हाई, कातरायचं न्हाई, त्याच्या अंगाला हात लावायचा न्हाई. वाघर लागली की मेंढरू मेंढराचं आन् गडी गड्याचा. ह्येबी आता आपलं जनावरच हाय.”

संपतने हसत बटण बंद केले. म्हातारा माझ्यासमोर उकिडवा बसून चाकाकडे बघत राहिला. चाक पुरते थांबले तेव्हा उठला, वाघरीच्या टोकाची दोरी मनगटाला गुंडाळली आणि एका झटक्यात अख्खी जाळी माझ्यावर टाकली. दोरी मनगटाला गुंडाळायची त्यांची जन्माची सवय होती, बुजलेल्या मेंढराने वाघर ओढून नेऊ नये म्हणून. मग माझ्या चाकावर थाप मारून म्हणाले, “झालं. आता हलायचं न्हाई.”

मित्रांनो, मी लाखो घाव घातले, पण मला कोणी थोपटले ते तेव्हाच. चार वर्षे असे चालले आणि ती माझी सुखाची वर्षे होती. वाघर पडली की घरात भाकरीचा वास सुटे, संपत रुपालीची थट्टा करी आणि म्हातारा मेंढरांच्या गोष्टी सांगे. मी जाळीत बसून ऐकत असे.

दोन हजार साली घरात फोन आला. तो सर्जेरावांनीच खटपट करून मिळवून दिला होता आणि त्यांनीच तो जास्त वाजवला. “संपत, उद्याचा माल आज होईल का?” “संपत, एक क्रेट कमी पडतंय.” घरी असलेल्या माणसाला ‘मी घरी गेलोय’ असे सांगता येत नाही. जेवताना फोन, अंघोळीला पाणी काढले की फोन. संपत उष्ट्या हाताने उठे आणि माझ्यावरची वाघर ओढून बाजूला फेके. लोडशेडिंग झाले की घरातल्या बाकीच्यांना बरे वाटे आणि तो मात्र पिंजऱ्यातल्या लांडग्यासारखा येरझारा घाली.

त्यातच त्याला एक नवी हुशारी सुचली. बटण बंद केल्यावर चाक फिरत असते, तर तेवढ्यात आणखी सात-आठ नग काढायचे. ‘फुकटचे नग’ म्हणायचा तो त्यांना. “वीज न्हाई, मोटर न्हाई, तरी माल निघतोय! असं कारखान्यात कुणाला जमलं का?” जमले नव्हते, कारण तिथे भिंतीवर लाल अक्षरे होती. ती त्याने सात वर्षे रोज वाचली होती, पण घराच्या भिंतीवर तसे लिहायचे त्याच्या मनात कधी आले नाही. आपल्या घरात कसली भीती, असेच माणसाला वाटते.

रोज संध्याकाळी म्हातारा वाघर घेऊन उभा राही आणि मुलगा चाकाचा शेवटचा जोर चिपाडासारखा पिळून घेई. पुढे पुढे तर जेवायला बसल्यावरही त्याचा उजवा पाय जमिनीवर आपटत राही. पायाखाली पायडल नाही हे त्या पायाला समजतच नव्हते.

“आवं, पाय थांबवा की,” रुपाली म्हणे.

“कुठं हालतोय?” तो खेकसे. एकदा तिने तिसऱ्यांदा सांगितले तेव्हा त्याने ताट भिरकावले. आमटी भिंतीवर उडाली, ताट माझ्या अंगावर आदळून उंबऱ्याबाहेर गेले. म्हाताऱ्याने भाकरीचे तुकडे वेचले.

रुपाली दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली. भाऊबीजेला ती माहेरी जायला निघाली, लुगडे नेसून पिशवी भरून उंबऱ्यात उभी राहिली. संपत म्हणाला, “एवढी पट्टी संपवतो.” मग म्हणाला, “एवढी एकच.” पुढची गाडी चुकली, तिच्यापुढचीही चुकली. तिने पिशवी खाली ठेवली. परसातून पहार घेऊन आली आणि माझ्या कुशीत हाणली. ठिणग्या उडाल्या. तिने पुन्हा हाणली.

“माझा बाप पॉईंटमन व्हता!” ती किंचाळत होती. “ड्युटी संपली की बत्ती केबिनमदीच ठिवून यायचा! घरात कधी आणली न्हाई! आन् तुमी अख्खी कंपनी आणून बसवलीय माझ्या उशाला!”

संपतने तिच्या हातातली पहार हिसकली. त्याचे डोळे पाहून मला ज्ञानूचे बोट आठवले. तोडताना मी असाच दिसत असेन. त्याने पहार उचलली, आणि रखमाजी दोघांच्या मध्ये येऊन उभे राहिले.

“आदी मला हाण,” ते म्हणाले.

पहार खाली आली ती पाण्याच्या रांजणावर. खापऱ्या उडाल्या, घरभर पाणी झाले. त्या पाण्यात उभा राहून संपतने पुन्हा माझ्या जबड्यात पट्टी घातली. रुपाली रडली नाही. तिने पहार उचलून दाराआड उभी करून ठेवली. माझ्या कुशीवर त्या घावाच्या दोन खुणा अजून आहेत, आणि त्या मला मान्य आहेत.

मग जानेवारी आला. ऊस तुटून गेल्याने वस्तीवरून लांबचे रान दिसत होते. सूर्य त्या उघड्या रानात बुडत होता आणि सोप्यात फोन वाजला. सर्जेराव म्हणाले, “आठला गाडी येतीय, संपत. एक क्रेट आजच पायजे.” संपत ‘व्हय साहेब’ म्हणाला आणि माझ्यावर तुटून पडला. रखमाजी वाघर घेऊन आले. उभे राहिले. ‘संपा’ म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले. तिसऱ्या वेळी त्यांनी हात लांब करून स्वतःच बटण बंद केले.

संपतने मान वर केली नाही. “करा बंद! चाक हाय अजून!” असे ओरडून त्याने पायडल दाबले. धाड. फुकटचा नग. धाड. आणखी एक.

इतक्या वर्षांत म्हातारा चाक थांबायची वाट बघायला कधी विसरला नव्हता. त्या दिवशी विसरला. मला वाटते त्याला माझे चाक दिसतच नव्हते, पोटचा पोर माझ्या जबड्यात चाललेला दिसत होता. त्याने सवयीने दोरी मनगटाला गुंडाळली आणि सगळ्या ताकदीनिशी वाघर माझ्यावर फेकली.

जाळी माझ्या आऱ्यांत शिरली. एक वेढा, दोन वेढे. म्हातारा फरफटत आला आणि त्याचे कपाळ माझ्या अंगावर फुटले. दोरीने हात वर खेचला, खांदा निखळल्याचा आवाज आला, मग कोपर मोडले. कातडी सोलत मनगट चाकाकडे चालले होते. आणि मित्रांनो, मी थांबू शकत नव्हतो. मी तसा घडलेलोच नाही. चाक थांबायला अजून मिनिट तरी लागणार होते आणि म्हाताऱ्याच्या हातापाशी तेवढा वेळ नव्हता.

कापायला जवळ काही नव्हते. संपतने इकडेतिकडे पाहिले आणि डाय, म्हणजे माझ्या जबड्यातला पोलादी साचा, बसवायचा भलामोठा हातोडा उचलला. माझ्या जबड्यात न तुटणारे काही घातले तर मी अडकतो आणि चाक जागच्या जागी थांबते, हे त्याला ठाऊक होते. हात बाहेर काढून मगच पायडल दाबायचे, हेही ठाऊक होते. पण डाय तेलाने निसरडी झाली होती. हातोडा ठेवला की घसरे. त्याने तो डाव्या हाताने तिथे धरून ठेवला.

“आबाऽ!” तो ओरडला आणि पायडलवर उभा राहिला.

मी घाव घातला. मला कधी कोणी अडवले नव्हते. त्या दिवशी हातोड्याने अडवले. माझा सगळा जोर उलटून माझ्याच पाठीत शिरला आणि मी वरपासून खालपर्यंत फुटलो. चाक किंचाळून थांबले. म्हाताऱ्याचे मनगट आऱ्यापासून वीतभर लांब लोंबत होते. आणि माझ्या जबड्यात, हातोड्याशेजारी, संपतची तीन बोटे होती.

रुपाली धावत आली. विळ्याने तिने आधी म्हाताऱ्याच्या मनगटावरची दोरी कापली. संपतचा हात माझ्यात अडकलेलाच होता. तिने दाराआडची पहार आणली, तीच. ती आऱ्यांत घातली आणि अंगाचा भार टाकून माझे चाक उलटे फिरवायला लागली. तिचे पाय रक्तात घसरत होते. “थांबा, निघतंय, निघतंय,” एवढेच ती म्हणत होती. मी जबडा उघडला. आयुष्यात पहिल्यांदा काही सोडून देताना मला बरे वाटले.

तेवढ्यात फोन वाजला. रुपालीने लाल हातानेच तो उचलला.

“संपत, झालं का रे क्रेट?”

“मशीन बंद हाय,” ती म्हणाली. “माणूसबी बंद हाय. पुन्यांदा हितं फोन करू नका.” आणि तिने वायर भिंतीतून उपटून काढली. शेजारचा म्हस्कू जीप घेऊन आला, दोघांना दवाखान्यात नेले.

मला साखळीने ओढून गोठ्याशी आणून टाकले. चाक काढून घेतले. महिन्याभराने बाप-लेक घरी आले. म्हाताऱ्याचा हात आहे, पण कोपरात वाकत नाही. संपत आता रांजणगावला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला जातो. तिथे भोंगा आहे.

तुम्हाला वाटेल, संपले. मलाही तसेच वाटले होते. पण घरी आलेला संपत संध्याकाळी अंगणात बसला आणि त्याचा उजवा पाय जमिनीवर आपटायला लागला. धाड, धाड, धाड. मी मोडलो होतो, वीज नव्हती, फोन नव्हता, आणि चाक त्याच्यात फिरतच होते. त्याने पाय दोन्ही हातांनी दाबून धरला, स्वतःच्या मांडीवर बुक्क्या मारल्या, आणि शेवटी लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. “थांबत न्हाई गं,” तो रुपालीला म्हणत होता. “म्या काय करू, ह्यो थांबतच न्हाई.”

रखमाजी उठले. फाटलेली वाघर त्यांनी एका हाताने आणि दातांनी सांधून ठेवली होती. ती त्यांनी आणली, पण या वेळी फेकली नाही. वाकून, हळूहळू, लेकाच्या दोन्ही पायांवर पांघरली. दोरीचे टोक मनगटाला न गुंडाळता खाली सोडून दिले.

“आबा, म्या काय मेंढरू हाय व्हय?” संपत डोळे पुसत म्हणाला.

“मेंढरू असतास तर येवढा तरास न्हवता,” म्हातारा म्हणाला, आणि त्याच्यासमोर उकिडवा बसला. पूर्वी माझ्यासमोर बसायचा तसाच, घाई न करता.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणी घरी बसूनच काम करत असेल. कोणी शिवत असेल, कोणी विड्या वळत असेल, कोणी रात्रीचे जेवण बाजूला सारून पेपर तपासत असेल. त्यांनी बटण बंद केले की लगेच त्यांच्यावर तुटून पडू नका, रागाने जाळेही टाकू नका. आणि उद्या तुम्ही मोठे व्हाल, कामाला लागाल, तेव्हा फुकटच्या नगांच्या नादी लागू नका. ते फुकट नसतात, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक नाही. मी एका माणसाचे बोट पाण्याने धुऊन विसरलो होतो. संपतची तीन बोटे मला विसरता येत नाहीत, म्हणून तर इतके बोललो.

त्या घटनेला आता पाच वर्षे होत आली. अजूनही दिवस बुडायला आला की संपत सायकल भिंतीला टेकवतो आणि अंगणात येऊन बसतो. म्हातारा वाघर आणतो. जाळीखाली पाय हलत असतो, मग सावकाश होतो, मग मधूनच एखादा झटका. म्हातारा वाट बघतो. आत रुपाली भाकरी थापायची थांबलेली असते, आणि गोठ्याशेजारी मीही कान लावून असतो. पाय पुरता थांबला की रखमाजी आपल्या बऱ्या हाताने त्याच्या गुडघ्यावर थाप मारतात.

“झालं,” ते म्हणतात. “आता हलायचं न्हाई.”

मग आत पुन्हा भाकरी थापल्याचा आवाज सुरू होतो.